पहिला केक करताय? आधी वजनकाटा घ्या
अगं एकदम दहा व्हिडिओ बघत बसू नकोस, डोक्याचा नुसता भुगा होतो, एकच साधा दह्याचा एगलेस केक पकड आणि तोच तीनचारदा कर. मोल्ड-बिल्ड नंतर, आधी डिजिटल वजनकाटा घे, कारण कपात मैदा दाबून भरला की १२० ग्रॅमचा सहज १५० होतो आणि मग केक दगड झाला की आपण रेसिपीला शिव्या घालतो (मी घातल्यात). अमेरिकन रेसिपीत ३५० म्हणजे फॅरनहाइट हं, आपल्या ओटीजीवर (घरचा छोटा ओव्हन) साधारण १८० सेल्सिअस. प्रीहीट करच, म्हणजे ओव्हन आधीच तापवून ठेव. दह्यात सोडा पडला की फसफस लगेच सुरू होते, म्हणून मिश्रण ताबडतोब आत, तेव्हा फोनवर गप्पा नकोत. आणि पहिली २० मिनिटं दार उघडू नकोस, नाहीतर केक मधोमध खाली बसतो.