मैदानाच्या जागेवर सुपरमार्केट : रहिवाशांनी कोणत्या मुद्द्यावर उभे राहावे?

प्रश्न : आमच्या वसाहतीलगतचा भूखंड नगरपरिषदेच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित आहे. आता तेथे पत्रे ठोकून सुपरमार्केटसाठी पायाची खोदाई सुरू झाली आहे. आम्ही बचाव समिती काढली असून बाजारपेठेतील किराणा व्यापारीही तीत आहेत. आमच्या पत्रकात ‘अधिकाऱ्यांनी पैसे खाऊन परवानगी दिली’ असे वाक्य होते. त्यावरून विकासकाच्या वकिलांनी समितीचा सचिव म्हणून मला बदनामीची नोटीस पाठवली आहे. काम थांबवता येईल का आणि नोटिशीचे काय करावे?

उत्तर : ही परवानगी कोणत्या मार्गाने मिळाली, हे आपल्या पत्रावरून कळत नाही, आणि पुढची प्रत्येक पायरी त्यावरच ठरणार आहे. आरक्षित जागेवर व्यापारी इमारत उभी राहण्याचे साधारणतः तीन मार्ग असतात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 खाली आराखड्यात फेरबदल झालेला असू शकतो. मात्र त्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवणे आणि त्यानंतर राज्य शासनाची मंजुरी घेणे बंधनकारक आहे. दुसरा मार्ग कलम 127 चा : आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जागा संपादित झाली नाही, मालकाने खरेदीची सूचना बजावली आणि पुढील 24 महिन्यांतही संपादनाची पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. तिसरा मार्ग समावेशक आरक्षणाचा, ज्यात मालक ठरलेला भाग सार्वजनिक वापरासाठी विकसित करून नगरपरिषदेच्या ताब्यात देतो आणि उरलेला भाग स्वतः वापरतो. यांपैकी एकही प्रक्रिया झालेली नसेल, तर परवानगी मुळातच कच्ची आहे, कारण अर्जाचा निर्णय करताना आराखड्यातील तरतुदी विचारात घेणे कलम 46 नुसार नियोजन प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.

म्हणून या आठवड्यातच भूखंडाचा झोन दाखला (आराखड्यात जागा कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा) व आराखड्याचा भाग नकाशा, तसेच बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशे यांच्या प्रमाणित प्रतींसाठी अर्ज करा. माहिती अधिकाराचा अर्जही सोबत द्या, पण त्याच्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, त्यामुळे अर्जात अभिलेख पाहणीची मागणी आवर्जून घाला आणि प्रत्येक अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक शिक्का घ्या. मंजूर नकाशा हाती आला की त्यात पुढच्या रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे ते पाहा आणि प्रत्यक्ष रस्ता टेपने मोजा. रहिवासी विभागात दुकानाला परवानगी मिळणे आणि किती बांधकाम करता येणे, हे बऱ्याच अंशी रस्त्याच्या रुंदीवर ठरते. कागदावर 12 मीटर आणि जागेवर 9 मीटरच रस्ता निघाला, तर तो फरक निवेदनाच्या पहिल्या पानावर यायला हवा.

कागदपत्रांतून दोष दिसला की मुख्याधिकाऱ्यांकडे कलम 51 खाली परवानगी रद्द करण्याची लेखी मागणी करा. येथे उशीर परवडणारा नाही, कारण बांधकाम बऱ्यापैकी पुढे गेल्यावर या कलमाखाली परवानगी रद्द करता येत नाही. मागणीची दखल घेतली गेली नाही, तर संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात याचिका करावी. दिवाणी दाव्याला याच अधिनियमाच्या कलम 149 चा अडथळा येतो, कारण त्यानुसार नियोजन प्राधिकरणाचे आदेश अंतिम मानले जातात. आपण थेट बाधित रहिवासी असल्यामुळे जनहित याचिकेपेक्षा साधी रिट याचिका मला अधिक योग्य वाटते.

रहिवाशांना अशी दाद मागण्याचा हक्क आहे का, ही शंका मनातून काढून टाका. उडुपीच्या रहिवासी भागात चित्रपटगृहाला दिलेली परवानगी के. रामदास शेणॉय प्रकरणात (1974) सर्वोच्च न्यायालयाने एका रहिवाशाच्याच तक्रारीवरून अवैध ठरवली. बंगळूरुमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय बंगलोर मेडिकल ट्रस्ट प्रकरणात (1991) रद्द झाला, तोही परिसरातील रहिवासी न्यायालयात गेल्यामुळे. लखनौच्या अमीनाबादमधील झंडेवाला पार्कखाली बांधलेले व्यापारी संकुल तर 1999 मध्ये पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश झाला. तथापि या शेवटच्या निकालावर विसंबून स्वस्थ बसू नका. विलंबाचे समाधानकारक कारण नसेल, तर न्यायालय याचिकाकर्त्यालाच जाब विचारते.

किराणा व्यापाऱ्यांविषयी मात्र मला स्पष्ट लिहावे लागेल. धंदा बुडेल ही त्यांची भीती खरी आहे आणि त्यांच्याविषयी मला मनापासून सहानुभूती वाटते, पण नव्या प्रतिस्पर्ध्यामुळे गिऱ्हाईक कमी होईल, या कारणावर न्यायालय परवानगी रद्द करत नाही. जसभाई मोतीभाई देसाई प्रकरणात (1976) गुजरातमधील मेहमदाबादच्या एका चित्रपटगृहमालकाने प्रतिस्पर्ध्याच्या ना-हरकत प्रमाणपत्राला आव्हान दिले होते. तो बाधित व्यक्तीच ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. आपली याचिका व्यापाऱ्यांच्या पैशावर आणि नावावर उभी राहिली, तर ‘ही मैदानाची नव्हे, दुकानदारीची लढाई आहे’ हे पहिले वाक्य विरुद्ध बाजूचे वकील उच्चारतील. त्यामुळे याचिकाकर्ते केवळ रहिवासी असावेत, वर्गणीचा हिशेब पावत्यांसह ठेवावा आणि व्यापाऱ्यांनी आपली निवेदने स्वतंत्रपणे द्यावीत.

आता नोटीस. ‘पैसे खाल्ले’ हा गुन्ह्याचा आरोप आहे आणि आपल्याकडे त्याचा पुरावा नसेल, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 च्या कक्षेत येऊ शकतो. लोकहितासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाला कायद्यात अपवाद आहे, पण शहानिशा न करता केलेल्या आरोपाची सद्भावना सिद्ध करणे कठीण जाते. उरलेली पत्रके आजच वाटपातून काढा आणि समाजमाध्यमांवरील तो मजकूर हटवा, मात्र मूळ प्रत जपून ठेवा. उत्तर वकिलामार्फत मुदतीत द्या. त्यात ते वाक्य मागे घेतल्याचे नमूद करा, परंतु आरक्षण, परवानगी आणि रस्त्याची रुंदी यांविषयीचे आक्षेप कायम असल्याचेही त्याच उत्तरात लिहा. मोर्चा किंवा धरणे धरण्यापूर्वी पोलीस ठाण्यात लेखी सूचना द्या आणि जमावबंदी लागू आहे का याची खात्री करा. खोदकामाच्या जागेत शिरून यंत्रे अडवू नका.

आरक्षण कलम 127 खाली रीतसर व्यपगत झाल्याचे कागदपत्रांतून सिद्ध झाले, तर लगतच्या जमिनीला अनुज्ञेय असलेला वापर मालकाला करता येतो आणि सुपरमार्केट होऊच नये ही मागणी टिकणे अवघड होईल. त्या स्थितीत समितीने आपली शक्ती अटींवर लावावी : वाहनतळ भूखंडाच्या आतच असावा, मालाच्या ट्रकना वसाहतीच्या गल्लीऐवजी मुख्य रस्त्यावरून प्रवेश द्यावा आणि मंजूर नकाशातील मोकळ्या जागा तशाच राहाव्यात. या मागण्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र (वापर सुरू करण्याची परवानगी) मिळण्यापूर्वीच नगरपरिषदेकडे लेखी नोंदवा.