जुना हँडीकॅम दुरुस्त करावा की दुसरा घ्यावा?

तुमचा प्रश्न असा : सांगलीवाडीच्या घरी तीसेक मिनीडीव्ही टेप (छोट्या व्हिडिओ कॅसेट) आहेत, २००४ सालचा हँडीकॅम टेप आत घेतो, घरघरतो आणि स्क्रीनवर सी:३१ दाखवतो. दुरुस्तीत पैसे घालावेत की जुना दुसरा विकत घ्यावा?

आधी तोच दुरुस्त करून बघा. मी हे अनुभवानं सांगतेय.

माझ्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी हँडीकॅमवर घेतल्या होत्या. टेप पुरावी म्हणून एलपीवर, म्हणजे ६० मिनिटांच्या टेपवर ९० मिनिटं. पुढं आत्या गेली, कॅमेराही बंद पडला. मैत्रिणीचा कॅमेरा आणून टेप लावली तर चित्रभर चौकोन आणि आवाज तुटक. टेप गेली असं समजून मी खूप रडले. पण टेपला काहीच झालं नव्हतं. एसपीवर, म्हणजे नेहमीच्या वेगावर, टेपवरची एकेक रेघ १० मायक्रॉन रुंद असते, एलपीवर ती ७ मायक्रॉनहूनही बारीक होते. तेवढ्या रेघेवर दुसऱ्या कॅमेऱ्याचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, अचूक बसेलच असं नाही. एलपीची टेप बरेचदा ज्यानं घेतली त्याच कॅमेऱ्यावर नीट वाजते. मिरजेतल्या एका जुन्या व्हीसीआर मेकॅनिकनं माझा कॅमेरा उघडून वाळून चिकट झालेलं ग्रीस काढलं, रबरी रोलर साफ केला, आणि ओव्या स्वच्छ ऐकू आल्या.

सोनीच्या कॅमेऱ्यात सी:२१ म्हणजे आत दमट झालंय, टेप काढून झाकण उघडं ठेवा, तासाभरानं बघा. सी:२२ म्हणजे हेड घाण झालंय. तुमचा सी:३१ यांपैकी नाही. टेप काढा, बॅटरी-अॅडॉप्टर दोन्ही काढून थोड्या वेळानं परत लावा. तरी तेच आलं तर बहुतेक टेप ओढणाऱ्या यंत्रणेतच दोष आहे. मग उगाच स्क्रू ड्रायव्हर घालू नका. मेकॅनिकला एवढंच सांगा, ‘फक्त प्ले झाला पाहिजे.’ लेन्स, झूम, बॅटरी यांवर एक रुपयाही घालू नका, अॅडॉप्टरवर काम भागतं. दुरुस्तीनंतर पहिली टेप बिनमहत्त्वाची लावा. लग्नाची टेप लावून प्रयोग करू नका!

एक विचारते, या टेप २०१९च्या पुरात भिजल्या होत्या का? तसं असेल तर त्या कुठल्याच कॅमेऱ्यात घालू नका. गाळाचा एक कण हेडही खराब करेल आणि टेपवर ओरखडेही काढेल. त्या वेगळ्या ठेवा, अशा टेप साफ करणाऱ्यालाच दाखवा.

दुरुस्ती जमलीच नाही तर गावातल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांना विचारा. खांद्यावरचा पॅनासॉनिकचा एमडी १०००० एके काळी त्यांच्याकडे सर्रास असायचा, आता कुणाच्या तरी माळ्यावर पडलेला सापडेल. तोही मिनीडीव्हीच. पैसे द्यायच्या आधी समोर टेप वाजवून, ती नीट बाहेर येते का ते बघा. शूटिंग करताना चित्र काळं येत असेल तरी बिघडत नाही, आपल्याला प्ले हवंय. अमेरिकेतून कुणी कॅमेरा आणून देतो म्हटलं तर नको म्हणा. तिकडचे कॅमेरे एनटीएससी, आपल्या टेप पाल, व्हिडिओच्या या दोन पद्धती जुळत नाहीत.

टेप कॉम्प्युटरवर उतरवताना यूएसबीच्या नादी लागू नका. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबी फोटोपुरतं, नाहीतर हलक्या प्रतीच्या चित्रासाठी असतं. डीव्हीचं छोटं चार पिनांचं तोंड असतं, तिथून फायरवायर नावाच्या वेगळ्या केबलनं घ्यायचं. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्याला यूएसबी असलेली स्वस्त केबल ऑनलाइन दिसेल, तिच्यातून व्हिडिओ येत नाही. जुना डेस्कटॉप आणि त्यात फायरवायर कार्ड हा खात्रीचा मार्ग. विनडीव्ही नावाचा फुकट प्रोग्राम पुरतो. एका तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे तासाभराच्या तीस टेपांना ४०० जीबीच्या आसपास. एक टीबीची हार्ड डिस्क घ्या, आणि जमलं तर दुसरी प्रत भावा-बहिणीच्या घरी ठेवा.

कॅमेरा चालू झाला की आधी एलपीच्या टेप उतरवा. प्ले करताना स्क्रीनच्या कोपऱ्यात एसपी की एलपी ते दिसतं. मधेच कॅमेरा पुन्हा बसला तरी एसपीच्या टेप दुसऱ्यावर होतील.