आईचे जन्मवजन आणि बाळाचे वजन

तुमचे स्वतःचे जन्मवजन १.९ किलो होते म्हणून सातव्या महिन्यात तुम्हाला बाळाच्या वजनाची धास्ती वाटते आहे. संबंध आहे, हे खरे. पण तो किती आहे, हे आधी पाहू.

श्रीमंत देशांतल्या अभ्यासांत आईच्या जन्मवजनातल्या प्रत्येक १०० ग्रॅममागे बाळाच्या वजनात साधारण १० ते २० ग्रॅमचा फरक आढळला, तर ग्वाटेमालातल्या गरीब खेड्यांत तो २९ ग्रॅम निघाला. आपल्याकडचे सरासरी जन्मवजन २.७ किलो धरले, तर तुमची ८०० ग्रॅमची तूट बाळापर्यंत पोचताना ८० ते २३० ग्रॅमच्या आसपास उरते. हेही सरासरीचे गणित आहे, तुमच्या बाळाचे भाकीत नव्हे.

हा वारसा केवळ जनुकांचा नसतो. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात थोराड शायर घोडे आणि ठेंगणे शेटलंड तट्टू यांचा संकर केला, तेव्हा शिंगराचा आकार मुख्यतः आईवर गेला. म्हणजे गर्भाला मिळणारी जागा आणि पोषण आईच्या शरीराने ठरवले. शिवाय गर्भात वाढ खुंटलेल्या मुलीची उंची पुढेही कमी राहू शकते, आणि आईची उंची बाळाच्या वजनाशी निगडित असते.

माझ्या मते वजनाहून अधिक लक्ष द्यावे अशी गोष्ट निराळीच आहे: कमी वजनाने जन्मलेल्या स्त्रियांमध्ये गरोदरपणातला रक्तदाब आणि मधुमेह यांचे प्रमाण काहीसे जास्त आढळते. म्हणून ही माहिती डॉक्टरांना आवर्जून सांगा, साखरेची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, आणि बाळाच्या वाढीची सोनोग्राफी केव्हा करायची हे विचारा. डोके सतत दुखले, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या मातांची बाळे मोठी आढळली. मिश्री लावत असाल, तर ती आजच थांबवा; तंबाखूने बाळाचे वजन घटते.

आणखी एक करा. तुम्ही दिवस पूर्ण भरून जन्मलात की आधीच, हे तुमच्या आईला विचारा. आठव्या महिन्यात जन्मलेल्या मुलीचे १.९ किलो वजन त्या वयाला साजेसेच असते. पूर्ण दिवसांनंतरचे तेवढेच वजन मात्र वाढ खुंटल्याची खूण ठरते. वर सांगितलेली काळजी मात्र दोन्ही बाबतींत घ्या. उत्तर इथे कळवलेत, तर पुढचे सांगता येईल.