उत्तर: एमआरआय नॉर्मल आहे तरी झोक जातो, गोळ्या किती दिवस घ्यायच्या?

ताई, तुमची पोस्ट पुन्हा पुन्हा वाचली. सकाळी उठताना अचानक सगळं घर गरगरलं, दोन-तीन दिवस नुसत्या उलट्या, ऐकू नीट येतंय, एमआरआय नॉर्मल, आणि आता तीन महिने होत आले तरी मान पटकन वळवली की झोक जातो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पाय जमिनीला टेकत नाहीत असं वाटतं, गळ्यात पट्टा, गोळ्या चालूच, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नकोस. ह्यातलं जवळजवळ सगळं माझ्या बाबतीत झालेलं आहे, म्हणून लांब लिहितोय. मी डॉक्टर नाही, माझा अनुभव आणि त्यानंतर वाचून-विचारून जे कळलं तेवढंच सांगतो. शुगर, बीपी, पाणी पिणं, हळू उठणं हे तुम्हाला आधीच सगळ्यांनी सांगितलं असणार, ते सोडतो.

माझं म्हणणं एकच आहे. चक्कर दाबायच्या गोळ्या आणि मान जखडून ठेवणं, ह्या दोन्ही गोष्टी पहिले दोन-तीन दिवस सोडले तर मेंदूला सावरू देत नाहीत. का, ते समजलं तर पुढचं आपोआप पटेल.

आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच दर बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारीक पिशव्या असतात. नळ्या डोकं कसं फिरतंय ते टिपतात, पिशव्या सरळ जाणं, थांबणं आणि खाली कुठे ते. नळीत द्रव असतो. चवथीला फुगडी घालून थांबलं की घर उलटं फिरतं ना, ते ह्याच द्रवामुळे, आपण थांबतो पण तो आत थोडा वेळ फिरत राहतो आणि मेंदू त्याच्यावर विश्वास ठेवतो. हे झालं निरोगी कानाचं. आता आपलं दुखणं. डोकं अगदी स्थिर असलं तरी दोन्ही कानांच्या नसा गप्प नसतात, दोन्हीकडून सारखे संदेश चालूच असतात, मेंदू बघतो तो दोघांतला फरक. उजवीकडे वळलं की उजवे वाढतात, डावे उतरतात. समजा एका बाजूच्या नसेला सूज आली (बहुतेकदा व्हायरसमुळे असं मानतात, व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस म्हणतात त्याला) तर त्या बाजूचे संदेश एकदम पडतात, आणि मेंदूला वाटतं आपण चांगल्या बाजूकडे गरागरा फिरतोय, तुम्ही पलंगावर निपचित पडलेल्या असलात तरी. डोळे उडतात ते त्यामुळेच. ह्यात एमआरआय नॉर्मल येणं हे अपेक्षितच आहे, त्याचा अर्थ तुम्हाला काही झालेलं नाही असा होत नाही!

मग माणूस बरा कसा होतो? पुष्कळांची नस पूर्ण सुधारत नाही तरी ते बरे होतात, कारण मेंदू हिशोब नव्याने मांडतो. पडून असतानाची गरगर काही दिवसांत थांबते, ते मेंदू आपणहून करतो. पण चालताना, वळताना, बाजारात जो झोक जातो तो आपणहून जात नाही, त्यासाठी मेंदूला चूक दिसावी लागते. म्हणजे डोकं हललं, डोळ्यासमोरचं चित्र घसरलं, ती घसरण सेरेबेलमपर्यंत (म्हणजे लहान मेंदूपर्यंत) पोचली, त्याने थोडी दुरुस्ती केली, असं हजारो वेळा व्हावं लागतं. डोकंच हलवलं नाही तर चूक दिसणार कुठून, आणि गोळीने मेंदू सुस्त केला तर दुरुस्ती करणार कोण?

आता माझं नुकसान कुठे झालं ते. एका दवाखान्यात, नाव आणि गाव सांगत नाही आणि कोणी विचारूही नका, माझा मानेचा एक्सरे काढला, झीज दाखवली आणि सांगितलं की चक्कर मानेतून येतेय. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांच्या एक्सरेत झीज दिसते हो, चक्कर असो वा नसो! माझे डोळे कोणी तपासले नाहीत, मला उभं करून, चालवून बघितलं नाही, कुठल्या हालचालीने होतं, किती वेळ टिकतं हे विचारलं नाही. पट्टा दिला, डोकं हलवू नका म्हणून बजावलं आणि दिवसातून तीन वेळा प्रोक्लोरपेराझिन, म्हणजे चक्कर-उलटी दाबायची गोळी, दर महिन्याला तीच चिठ्ठी पुढे. मी विचारलं किती दिवस, तर उत्तर बरं वाटेपर्यंत. आणि बरं वाटत नव्हतं ते त्या गोळीने आणि पट्ट्यानेच. स्कूटर सुटली, चोडण-रायबंदर फेरीबोटीतून कामाला जाणं सुटलं, सुट्ट्या संपल्या, माणूस दिवसभर पेंगतोय, जिभेला जडपणा, आणि फॉलोअपला गेलं की कागदावर फक्त तारीख बदलायची. ह्या गोष्टीचा मला आजही राग येतो. आजाराने जेवढे दिवस घेतले त्याच्या कितीतरी पट ह्या सल्ल्याने घेतले. ही गोळी पहिल्या दिवसांत उलट्या थांबवायला उत्तम आहे, ते नाकारत नाही, पण महिनोन्‌महिने, त्यातही वयस्कर माणसाला, दिली तर हात कापणं, हालचाल मंदावणं असं पार्किन्सनसारखं दिसायला लागू शकतं. चक्करेवरची दुसरी गोळी सिनारिझिन, तिचंही तेच. बीटाहिस्टिन वेगळं, ते सुस्ती आणणाऱ्यातलं नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेवटी दुसरीकडे एका तरुण ऑडिऑलॉजिस्टनी (कान आणि तोल तपासणाऱ्या) मला समोर बसवलं, म्हणाल्या माझ्या नाकाकडे बघत राहा, आणि दोन्ही हातांनी डोकं धरून एकदम थोडंसं वळवलं. एका बाजूला डोळे नाकावर टिकले, दुसऱ्या बाजूला डोळे डोक्याबरोबर गेले आणि मग उडी मारून परत आले. झालं निदान. ना मशीन ना सुई. ऑस्ट्रेलियातल्या हल्माग्यी आणि कर्थॉईज ह्या दोघांनी ही तपासणी १९८८ मध्ये मांडली. तुमची झाली आहे का हे जरूर विचारा, आणि मान खरंच दुखत असेल तर तपासण्याआधी सांगा.

ह्याच्या मागची गोष्ट घरी करून बघता येते. मोबाईलवर चार ओळी उघडा, डोकं स्थिर ठेवून मोबाईल भराभर डावी-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतील, सगळ्यांचीच होतात. मग मोबाईल स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने डोकं हलवा. निरोगी माणसाला वाचता येतं! कारण नजरेने पाठलाग करायला मेंदूला सेकंदाचा साधारण दहावा भाग लागतो, तर कानाकडून डोळ्याला जाणारा रस्ता सेकंदाच्या शंभराव्या भागात काम उरकतो. आपल्यासारख्यांना ह्या दुसऱ्या वेळीही पुसट दिसतं. तेवढाच रस्ता दुरुस्त करायचाय.

व्यायाम तोच. भिंतीवर हातभर अंतरावर एक अक्षर चिकटवा, नजर अक्षरावर, डोकं डावी-उजवीकडे, अक्षर आता पुसट होईल असं वाटेल इतक्याच वेगाने. मग वर-खाली. आधी बसून, मग उभं राहून, मग पाय जुळवून, मग चालताना. एकदम खूप नको, दिवसातून तीन वेळा तरी, सगळे मिळून १२ मिनिटं, आणि दुखणं जुनं झालं असेल तर २० मिनिटांपर्यंत न्यायला सांगतात. करताना चक्कर वाढते, ती वाढायलाच हवी, नाहीतर मेंदूला काम मिळत नाही, पण थांबल्यावर थोड्या वेळात निवळली पाहिजे. अर्धा दिवस डोकं जड राहिलं तर उद्या वेग कमी करा. शिकून घ्या कोणाकडून तरी, व्हेस्टिब्युलर रिहॅब, म्हणजे तोल सावरायचे हे व्यायाम, येतात असा फिजिओ किंवा ऑडिऑलॉजिस्ट, फोन करून आधी विचारा, कारण नुसतं शेक आणि मशीन लावणाऱ्याचा उपयोग नाही. ही काही नवीन फॅशन नाही, १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी ह्यांनी डोक्याला मार लागलेल्यांसाठी असे व्यायाम बसवले होते. इतकं जुनं ज्ञान आणि पेशंटच्या हातात मात्र पट्टा.

वर एका सदस्याने एप्ली (डोकं ठराविक क्रमाने वळवून कण जागेवर आणायची कृती) कर, दोन मिनिटांत जातं असं लिहिलंय. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ते दुखणं वेगळं. त्यात पिशवीतले कॅल्शियम कार्बोनेटचे कण सुटून नळीत जातात, आणि कूस बदलली, वर बघितलं की एक मिनिटाच्या आत संपणारी जोरदार चक्कर येते. आमच्या मामीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना वर बघितल्यावर आली होती आणि एप्लीने खरोखरच त्याच दिवशी गेली. तुमची दोन-तीन दिवस सलग होती, म्हणजे गोष्ट वेगळी दिसते. मात्र न्यूरायटिसनंतर काहींचे कणही सुटतात, तेव्हा त्या कणांसाठीची डिक्स-हॉलपाईक तपासणी एकदा करून घ्या. व्हिडिओ बघून एप्ली घरच्या घरी करू नका, कुठली बाजू, कुठली नळी हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

इतर वाचणाऱ्यांसाठी, हे सगळं जुन्या दुखण्याचं आहे. चक्कर आत्ता सुरू झाली असेल आणि बरोबर बोलणं जड, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं, हातापायात शक्ती नाही, आधाराशिवाय बसताच येत नाही किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखतंय, तर १०८ ला फोन करा आणि गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचा, व्यायामबियाम काही नाही. लहान मेंदूचा स्ट्रोक असाच सुरू होऊ शकतो आणि सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये तो बरेचदा दिसत नाही. सीटी नॉर्मल म्हणून घरी आणू नका.

बाजाराचं सांगतो, कारण ते कोणालाच पटत नाही. तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून माहिती घेतो: कान, डोळे, आणि तळपाय-सांधे. कान कच्चा झाला की तो डोळ्यांवर जास्त टेकतो, आणि बाजारात सगळं हलतं, माणसं, टोपल्या, गर्दी, मग आपणच हलतोय असं वाटतं. फेरीबोटीत उलट पायाखालचं हलतं. मला फेरीत काठाकडे नजर ठेवून, कठड्याला धरून उभं राहिल्यावर जमायला लागलं, मोबाईलमध्ये बघत नाही कधी. बाजारात जाणं बंद करू नका, आधी गर्दी नसताना, बरोबर कोणीतरी घेऊन जा. आणि हे टेन्शन नाही. चक्कर आणि भीती ह्यांचे मेंदूतले रस्ते एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे भीती वाटते ती ह्या दुखण्याचाच भाग आहे, घरच्यांना हे वाचायला द्या. तीन महिन्यांवर गेलं की हे गर्दीतलं तरंगणं स्वतंत्रपणे चिकटून बसू शकतं, त्यालाही उपचार आहेत, पण उशीर नको.

अंधारात डोळ्यांचा आधार जातो, म्हणून रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा ठेवा, पावसात अंगणातल्या शेवाळावरून एकट्या जाऊ नका. विहिरीत, समुद्रात डुबी मारू नका, पाण्याखाली वर कुठलं खाली कुठलं हे आपल्याला कळेनासं होऊ शकतं. स्कूटर मान झटकन वळवून मागे बघता येईपर्यंत नाही. घरात कोणी हुर्राक पुढे केली तर नको म्हणा, दारू नेमकी सेरेबेलमवरच बसते.

गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा की नेमकं निदान काय, ही किती दिवस आणि कमी कशी करायची, आणि उत्तर मिळालं नाही तर दुसरे डॉक्टर बघा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पट्ट्याचंही तसंच, मान मोडलेली नसेल तर तो कशासाठी हे विचारा.

आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, झाली आहे का ते इथे लिहा. ऐकू नीट येतंय असं तुम्ही म्हणता, पण एका कानाचं थोडं कमी झालेलं आपल्या लक्षात येत नाही, आणि तसं निघालं तर हे न्यूरायटिस नसून वेगळं काही असू शकतं, मग मी वर लिहिलेलं बरंच तुम्हाला लागू होणार नाही.