वाचकांचे प्रश्न : लोआर्रेचा किल्ला, ना खंदक ना तोफ

प्रश्न : माझा भाचा शिकायला स्पेनमध्ये सारागोसाला आहे. त्याने लोआर्रे नावाच्या खेड्याजवळच्या किल्ल्याचे फोटो पाठवले. खंदक नाही, तोफेची जागा नाही, आणि आत भलंमोठं चर्च! आम्ही परंड्याच्या किल्ल्याशेजारी वाढलेली माणसं, आम्हाला हा किल्ला वाटेचना. शिवाय गाव इतकं खाली का?
– एक वाचक, परंडा

उत्तर : ताई, परंड्याच्या माणसाला असं वाटणारच. पण परंडा तोफांच्या काळातला. सपाट रान, दुहेरी तट, भोवती खंदक. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली, त्याआधी ती तुमच्याच किल्ल्यात होती. लोआर्रे ११ व्या शतकातला. तेव्हा युरोपात तोफ कुणी पाहिलीही नव्हती. तुलना करायचीच तर देवगिरीशी करा. भिल्लम यादवाच्या राजधानीहूनही लोआर्रे शंभरावर वर्षांनी जुना आहे.

खंदक नाही, कारण गरजच नव्हती. किल्ला चुनखडीच्या खडकावर बसलाय. देवगिरीचा कडा माणसांनी तासून सरळसोट केला, इथे ते काम बरंचसं निसर्गानेच करून ठेवलेलं. पहिलं बांधकाम उत्तर स्पेनमधल्या पांप्लोना राज्याचा राजा तिसरा सांचो याच्या काळातलं, साधारण १०२० च्या सुमाराचं. खालचा सपाट मुलूख तेव्हा मुस्लिम सत्तेकडे होता आणि वेस्का शहर त्यांचं बळकट ठाणं होतं. त्या मुलखावर नजर ठेवायला ही जागा हेरली.

आता चर्च. मला स्वतःला या किल्ल्यात सगळ्यात जास्त तेच आवडतं. सांचोचा नातू सांचो रामीरेस याने १०७१ मध्ये इथे ऑगस्टीन पंथाच्या धर्मगुरूंचा मठ वसवला. हा राजा १०६८ मध्ये रोमला जाऊन पोपचा मांडलिक होऊन आलेला. त्यामुळे सीमेवरच्या ठाण्यात शिबंदी आणि मठ एकत्र नांदवणं त्याला सोयीचंच होतं. पण गवंड्यांची हुशारी बघा. खडक उंचसखल, मग चर्चखाली तळघर बांधून जमीन सारखी केली आणि त्या तळघरालाच सांता किटेरियाचं छोटं देऊळ केलं. किल्ल्यात शिरायचा जिना चर्चच्या पोटातून, दगडी कमानीच्या छताखालून वर चढतो. जिन्याच्या एका अंगाला पहारेकऱ्यांची खोली, दुसऱ्या अंगाला ते देऊळ. म्हणजे शत्रू दरवाजा फोडून आत आलाच, तरी त्या अरुंद जिन्यात सापडणार. वर गेलात की चर्चवर घुमट. त्या काळच्या स्पेनमध्ये एवढे घुमट फार थोडे.

वेस्का १०९६ मध्ये पडलं, सीमा दक्षिणेला सरकली आणि लोआर्रेचं लष्करी महत्त्व ओसरलं. मठाचं उत्पन्नही पुढे वेस्काजवळच्या मोंतेआरागोन किल्ल्यातल्या मठाकडे वळलं. माझ्या मते म्हणूनच हा किल्ला इतका शाबूत राहिला. जो किल्ला कामाचा राहतो, त्याची दर पिढीला डागडुजी होते, नवे बुरूज चढतात, जुनं मोडतं. नळदुर्गात हे पदोपदी दिसतं. लोआर्रेला १३ व्या शतकात बाहेरचा तट मिळाला, तेवढंच मोठं काम.

त्या तटात मात्र एक गंमत आहे. बहुतेक बुरूज अर्धगोल आहेत आणि किल्ल्याच्या बाजूने उघडे. शत्रूने एखादा बुरूज घेतला, तर त्याला आतून आडोसा मिळू नये म्हणून. वरून बाण मारायला तो उघडाच.

गावाचं म्हणाल, तर आधी वस्ती किल्ल्याच्याच आसऱ्याला होती. १५ व्या शतकाच्या अखेरीस लोक खाली उतरले. शेतं खाली, पाणी खाली, आणि लढाईची भीती कधीच सरलेली. मग रोज डोंगर कशाला चढायचा? आपल्याकडे औसा, परंड्याला गाव आणि किल्ला एकाच सपाटीवर, त्यामुळे हा प्रश्नच आला नाही.

भाच्याला सांगा, पुढच्या खेपेला बुरुजांचे फोटो किल्ल्याच्या आतून काढ. बाहेरून त्यांची उघडी पाठ दिसत नाही.