जाहीर भाव आणि हातात पडणारा भाव

जळगावातील माझ्या समुपदेशन कक्षात दर पावसाळ्यात एक प्रश्न हमखास येतो. समाजशास्त्रासारख्या विषयात परदेशात पीएचडी करायची झाली, तर आपल्यासारख्या बाहेरच्या विद्यार्थ्याला पैसे देणार कोण? विचारणाऱ्याने उत्तर बहुधा आधीच ठरवलेले असते: पैसे मिळतात ते अभियांत्रिकीवाल्यांना, आपल्याला कर्ज काढावे लागणार.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातील एक मुलगी हाच प्रश्न घेऊन वडिलांसह आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बी.ए. आणि एम.ए. दोन्ही तिने समाजशास्त्रातच केले होते. एम.ए.चा लघुप्रबंध मराठीत होता आणि विषय घरचाच होता: केळीचा जाहीर झालेला भाव आणि शेतकऱ्याच्या हातात प्रत्यक्ष पडणारा भाव यांत जो फरक राहतो, तो गावातली माणसे कशी समजून घेतात, कोणत्या व्यापाऱ्यावर का विश्वास टाकतात आणि नातेगोते त्यात कुठे येते. वडिलांची तीन एकर केळी होती. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढेच म्हणाले, "मॅडम, पन्नास लाख लागतीन म्हने. वावर गहान टाकतो, पन पोरीले नाही म्हननार नाही."

हा आकडा त्यांना एका सल्लागाराने सांगितला होता. तो पैसे भरून करायच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा होता, पीएचडीचा नव्हता. अमेरिकेतील समाजशास्त्र विभाग पीएचडीला विद्यार्थी घेतात, तेव्हा साधारणपणे पाच वर्षांसाठी शिक्षणशुल्क माफ करतात, आरोग्यविम्याचा सगळा किंवा मोठा भार उचलतात आणि अध्यापन किंवा संशोधन साहाय्यकाच्या कामाबद्दल विद्यावेतन देतात. त्यासाठी सहसा निराळा अर्ज नसतो, प्रवेशाचा अर्ज हाच निधीचा अर्ज असतो. परदेशी असण्याची अडचण अजिबात नाही, असे मात्र मी तिला सांगितले नाही. तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाची पदवीधर संशोधन फेलोशिप फक्त नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळते. शिवाय राज्य विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क सहसा राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याच्या चढ्या दराने मोजले जात असल्याने, तो विभागाला महाग पडतो. ब्रिटनमध्ये तर प्रवेश आणि निधी हे दोन स्वतंत्र निर्णय असतात आणि नुसते प्रवेशपत्र हातात घेऊन बसलेली मुले मी पाहिली आहेत. (अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडून येणाऱ्या मुलांना मी त्या आधी पाहायला सांगते. ही मुलगी त्यांत बसत नव्हती.)

म्हणून मी पहिल्याच भेटीत एक अट घातली. निधीशिवाय आलेला प्रवेश हा नकारच समजायचा.

तयारीत सर्वाधिक वेळ गेला तो शिफारसपत्रांवर, आणि या बाबतीत आपल्या महाविद्यालयांची सवय मला खटकते. तिचे प्राध्यापक मनाने उदार होते. "तूच लिहून आण, मी सही करतो," असे ते म्हणाले. विद्यार्थिनीने स्वतःचे शिफारसपत्र लिहिणे मुळातच अप्रामाणिक आहे आणि अशी पत्रे एकाच साच्याची होतात, त्यामुळे ती ओळखूही येतात. त्यांनी पूर्वी दुसऱ्या एका मुलीला दिलेले पत्र मी पाहिले होते. त्यात ती नम्र, कष्टाळू आणि चांगल्या वर्तनाची असल्याचे लिहिले होते. निवड समितीला विद्यार्थ्याच्या नम्रतेशी कर्तव्य नसते, त्याला प्रश्न कसा सुचतो आणि तो पुरावा कसा तपासतो हे तिला जाणून घ्यायचे असते. मुलीने सरांना आपल्या मुलाखतींच्या वह्या नेऊन दाखवल्या, लघुप्रबंधातील कोणता निष्कर्ष त्यांच्या टीकेनंतर बदलला याचे एक पान टिपण दिले, आणि मग त्यांनी स्वतः बसून दीड पानाचे पत्र लिहिले. अर्जासाठी घेतलेल्या तिन्ही पत्रांत तेच सर्वांत चांगले होते.

अर्जासोबत जोडायच्या लेखननमुन्यासाठी तिने लघुप्रबंधातील एका प्रकरणाची वीस पाने इंग्रजीत नव्याने लिहिली, नुसते भाषांतर केले नाही. जीआरई ही प्रवेशपरीक्षा २०२० नंतर अनेक विभागांनी काढून टाकली असल्याने ती द्यावी लागली नाही. इंग्रजीची टोफेल परीक्षा मात्र द्यावी लागली, आणि मराठी माध्यमातून आलेल्या या मुलीची खरी कसोटी तिथे लागली. एकूण गुण प्रवेशाला पुरेसे असले, तरी अनेक राज्य विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याला वर्गात शिकवायला उभे करण्याआधी संभाषणाच्या भागात वेगळे आणि वरचे गुण मागतात. विद्यावेतन अध्यापनाच्या कामातून येणार असेल, तर ते गुणही निधीचाच भाग होतात.

प्राध्यापकांना आधी ईमेल करावा का, असे तिने विचारले. युरोपात अनेक ठिकाणी मार्गदर्शकाची संमती आधी लागते. अमेरिकेत समाजशास्त्राची निवड सहसा समिती करते, म्हणून नेमका प्रश्न असेल तरच लिहावे.

त्या वर्षी तिने आठ अर्ज केले. बहुतेक मुदती डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात होत्या, प्रत्येक अर्जाला ७५ ते १२५ डॉलर लागत होते, आणि दोन विभागांनी विनंतीवरून शुल्क माफ केले. मार्चअखेर सहा नकार आले आणि एका ठिकाणी ती प्रतीक्षायादीत राहिली. आठव्या पत्रात अभिनंदन होते: पीएचडीत जागा देता येत नाही, परंतु आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात आपले स्वागत आहे. शुल्क पूर्ण भरायचे होते.

वडील सातबारा घेऊनच आले. मुलगी रडत नव्हती, पण माझ्याकडे पाहतही नव्हती. मी अटीची आठवण करून दिली, तेव्हा ते माझ्यावर रागावले, आणि त्यांचा राग मला चुकीचा वाटला नाही. आपल्या मुलीला कोणीतरी "ये" म्हटले आहे आणि ही बाई "जाऊ नका" म्हणते आहे, असेच ते दृश्य होते. दोन वर्षांचे शुल्क भरल्यानंतरही पीएचडीची जागा आणि निधी यांची हमी त्या पत्रात कुठेच नव्हती. तेवढी दोन वाक्ये मी त्यांना मराठीत वाचून दाखवली आणि पुढे काही बोलले नाही.

तिने एक वर्ष तासिका तत्त्वावर शिकवले. अर्जासोबतचे उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज) पुन्हा लिहिताना "मला लहानपणापासून समाजाची आवड आहे" हा पहिला परिच्छेद गेला आणि त्या जागी बापाच्या वजनकाट्याजवळ उभी असलेली ती स्वतः आली. विद्यापीठांची यादीही बदलली, कारण पहिल्या वर्षी तिने क्रमवारी पाहून नावे निवडली होती, आणि आता आर्थिक समाजशास्त्र व ग्रामीण समाज यांवर काम करणारे किमान दोन-तीन प्राध्यापक जिथे आहेत असे विभाग निवडले. कोणता विभाग त्या वर्षी जागा कमी करतो आहे, हेही तिने आधीच विचारून घेतले.

फेब्रुवारीत एका राज्य विद्यापीठाचे पत्र आले: पाच वर्षे, शुल्कमाफी, वर्षाला २७,००० डॉलर. उत्तर १५ एप्रिलपर्यंत द्यायचे होते. मी मुलीचे अभिनंदन करत होते, तेवढ्यात वडिलांनी विचारले, "हा त जाहीर भाव झाला. कापून-कुपून हातात किती पडीन?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने पहिल्याच दमात विचारला नव्हता. आम्ही कागद घेऊन बसलो. शुल्क माफ असले तरी सत्रागणिक काही किरकोळ फी विद्यार्थ्याकडेच राहतात, विम्याचा काही वाटा आणि कर वजा होतो, आणि रक्कम नऊ महिन्यांच्या कामाची असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने मोकळे पडतात. मुलीने त्याच रात्री विभागाच्या पीएचडी संचालकांना तीन प्रश्न पाठवले: फी किती, उन्हाळ्यात काम मिळते का, आणि पहिले विद्यावेतन कोणत्या तारखेला जमा होते.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. फीचा आकडा बसण्याजोगा होता आणि पहिले दोन उन्हाळे विभाग सांभाळणार होता. पहिली रक्कम मात्र सप्टेंबरअखेर मिळणार होती, म्हणजे विमानाचे तिकीट, व्हिसाचा खर्च, खोलीची अनामत आणि सुरुवातीचे दीड महिन्याचे जेवणखाण घरून न्यावे लागणार होते. मी बेरीज वडिलांसमोर ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि सातबारा घडी करून पिशवीत ठेवला.

"एका कापनीत होईन," ते म्हणाले.