दुसरी चावी असली तरी गाडी उचलून आणू नका

प्रश्न : माझ्याकडे 1984 ची नोंदणी असलेली मॅटॅडोर आहे. आधीच्या मालकाने आत दोन बर्थ, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून तिची कॅम्पर व्हॅन केली. आरसीवर तशी नोंद आहे. पत्राकाम आणि इंजिनकामासाठी पुण्याजवळच्या एका गॅरेजला दिली. अंदाज 1 लाख 80 हजारांचा सांगितला, मी 1 लाख आगाऊ दिले. आता बिल 4 लाख 35 हजार. खालचे क्रॉस मेंबर (चॅसीच्या, म्हणजे सांगाड्याच्या आडव्या पट्ट्या) कुजलेले निघाले, इंजिन गेलेलं होतं म्हणून दुसरं बसवलं, म्हणतात. मला विचारलं नाही. पैसे भरेपर्यंत गाडी देणार नाहीत आणि वर रोज 300 रुपये जागाभाडं. दुसरी चावी माझ्याकडे आहे. जाऊन गाडी आणू का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही, मुळीच आणू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये चोरीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली जवळजवळ तुमचंच उदाहरण दिलंय : दुरुस्तीचे पैसे देणं असताना कारागिराने घड्याळ अडवून ठेवलं आणि मालकाने ते गुपचूप उचललं, तर मालकच चोर ठरतो. स्वतःच्या वस्तूची चोरी होऊ शकते हे पुष्कळांना माहीत नसतं, आणि भांडण तापलं की समोरचा हेच कलम घेऊन पोलिसांत जातो. तुमची बाजू चांगली आहे, ती अशी वाया घालवू नका.

गाडी अडवण्याचा अधिकार गॅरेजला करार कायद्याच्या कलम 170 ने मिळतो. पण तो ज्या कामात श्रम आणि कौशल्य लागलं, त्याच्या रास्त मोबदल्यापुरताच. गाडी अंगणात उभी ठेवण्यात कसलं कौशल्य आलं? ती त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी अडवून ठेवलीय. ठरलेलं नसताना लावलेलं रोजचं 300 रुपये भाडं तुम्ही सरळ नाकारा, तेही लेखी.

आता मूळ रक्कम. तुम्ही पाठवलेलं व्हॉट्सॲपवरचं संभाषण मी पूर्ण वाचलं. ‘मला विचारलं नाही’ हे इंजिनापुरतं खरं आहे; क्रॉस मेंबरचं तसं नाही. त्यांनी गंजून चाळण झालेल्या पत्र्याचे फोटो पाठवले, ‘हे बदलावंच लागेल’ असं लिहिलं, आणि तुम्ही त्यावर होकाराचा अंगठा टाकलात. ग्राहक आयोगासमोर हा अंगठा संमती म्हणूनच वाचला जाईल. मात्र संमती कामाला होती, आकड्याला नव्हती. त्यामुळे पत्रा, वेल्डिंग आणि मजुरी यांचा बाजारात चालणारा दर तुम्ही देणं लागता. चाळीस वर्षांच्या गाडीचा मॅट उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कुणालाच कळत नाही, त्यामुळे या वाढीव कामाबद्दल गॅरेजला लबाड ठरवायला मी धजणार नाही. दोन वेगळ्या गॅरेजांकडून त्याच कामाचा लेखी दर आणा.

मला खरी काळजी इंजिनाची वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन बदललं की नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी आणि आरसीवर नोंद लागते. क्रमांक जुळला नाही तर रस्त्यावर अडवल्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, मेकॅनिकला नाही. बेकायदा बदलाबद्दल कलम 182ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढेल. शिवाय हे दुसरं इंजिन कुठल्या गाडीतलं? त्याचं खरेदीबिल आणि मूळ वाहनाची कागदपत्रं मागा. ती नसतील तर ते इंजिन फुकट दिलं तरी घेऊ नका.

तुमचं जुनं इंजिन ही तुमची मालमत्ता आहे. ते भंगारात गेलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली फौजदारी विश्वासघाताचा प्रश्न उभा राहतो, म्हणून ते कुठे आहे हे नोटिशीत स्पष्ट विचारा. आणखी एक. 2021 च्या मोटार वाहन नियमांनुसार व्हिंटेज (जपलेली जुनी गाडी) म्हणून नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांची आणि चॅसी, बॉडी व इंजिनात मोठा बदल न झालेली लागते. 2034 नंतर तशी नोंदणी मागायचं मनात असेल, तर ते मूळ इंजिन आज बिघडलेलं असलं तरी मोलाचं आहे.

या आठवड्यात नोटीस पाठवा. वस्तूवार जीएसटी बिल, जुने सुटे भाग आणि तुमच्या मेकॅनिकसमोर गाडीची पाहणी, एवढं मागा. नव्या इंजिनाला संमती नाही हे त्यात लिहा, कारण निमूटपणे ते वापरू लागलात तर करार कायद्याच्या कलम 70 खाली त्याचे पैसे मागायला त्यांना वाट मिळते. वाद नसलेली रक्कम द्यायची तयारी दाखवा. गाडी अगदीच तातडीने हवी असेल तर ‘हरकत राखून’ असं पावतीवर लिहून घेऊन बँकेतून पैसे भरा, रोख नको.

ऐकलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार साताऱ्यातच करता येते, पुण्याला हेलपाटे घालायची गरज नाही. दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी सोडण्याचा अंतरिम आदेशही मागता येतो. बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

फक्त पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘पुढे गाडी पर्यटकांना भाड्याने द्यायचा विचार आहे’. व्यापारी हेतूने सेवा घेणारा ग्राहक ठरत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी असेल तर अपवाद आहे. गॅरेजचा वकील पहिली हरकत हीच घेईल. गाडी घरच्या वापराची आहे की उपजीविकेची, हे खरं काय ते मला कळवा. तक्रार दिवाणी न्यायालयात न्यायची की आयोगात, ते त्यावर ठरेल.